पाठ फिरवून

भाजीबाजारात एका बाईंनी पैसे काढताना सगळ्या जगाकडे पाठ केली, बटवा उघडला, नोट काढली आणि मगच वळल्या. काय ती ऐट! आत खजिना नसेलही. पण बटवा त्यांचा होता.

घरी लेकीने माझ्या फोनमध्ये खर्चाचं अ‍ॅप घातलं होतं. ते म्हणे, सगळे मेसेज वाचू द्या, हिशेब आपोआप होईल.

"बाबा, 'परवानगी' दाब की! महिनाअखेरीला घर डोक्यावर घेतोस ना?"

"घेतो. पण डॉक्टरांचे निरोप, तुझ्या आईचे टोमणे ह्याला कशाला?"

"सोय आहे रे!"

सोय खरीच होती. तरी मी 'नको' दाबलं, फोनकडे पाठ केली आणि पाकीट उघडून हिशेबाला बसलो. चुकलाच. पण कुणी पाहिलं नाही!