ओळखपत्राचा अर्ज आणि आईचं लग्न

राष्ट्रीय ओळखपत्राच्या कायद्यावरची संसदेतली चर्चा मी वर्तमानपत्रासाठी लिहिली. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. प्रत्येक प्रौढ माणसाकडे फोटो असलेलं एकच कागदपत्र असावं, ही सरकारची बाजू. त्यामुळे पोलिसाला रस्त्यात कुणालाही अडवायचा परवाना मिळेल, ही विरोधकांची. समुद्रापलीकडून या बेटावर उसाच्या मळ्यांत करारावर आलेल्या आपल्या मजूर पूर्वजांना फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे आणि ते नसलं तर कोठडी होई, याची आठवण एकाने भाषणात करून दिली. मी दोन्ही बाजूंना सारख्या ओळी दिल्या. पुढच्या आठवड्यात तीच भाषणं पुन्हा झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही झाली. मी क्रियापदं बदलत राहिले.

घरी, मोंतान्य ब्लांश या आमच्या गावी, वडील माझी बातमी मोठ्याने वाचायचे. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि गावच्या मंदिराच्या समितीवर होते. तिकिटाचा मुद्दा त्यांनी उचलला तो सोडलाच नाही. कायदा झाला, अर्ज गावात आले, तरी त्यांचं एकच.

"मी काय बैल हाय, बिल्ला लावून फिरायला? आमच्या आज्याने तिकीट बाळगलं, तेवढं पुरे."

"अवो, गल्लीतल्या सगळ्या बायका जाऊन आल्या," आई म्हणायची. "फोटूसाठी नवी साडी नेसून गेल्या. मीच तेवढी ऱ्हाणार काय?"

"ऱ्हा. कार्त नसलं म्हणून कोण तुला वळखायचं ऱ्हाणार हाय?"

कार्त म्हणजे ओळखपत्र. सगळ्या बेटावर तोच शब्द होता. हे महिनाभर चाललं. मला त्याचा कंटाळा आला होता. दिवसभर कचेरीत जे लिहायचं तेच संध्याकाळी जेवताना ऐकायचं.

एका रविवारी आईने स्वतःच अर्ज आणला आणि माझ्यासमोर ठेवला. तिला लिहिता येत नव्हतं. नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव मी मोठ्या अक्षरांत भरलं. पुढे विवाहाचा रकाना होता आणि त्यात दाखल्याचा क्रमांक लिहायचा होता. मी पेन कागदावरून उचललं.

"का गं थांबलीस?"

"लग्नाचा दाखला लागतो. सिविलचा."

"लिव ना मग."

"तो नाहीये, आई."

"महाराजांनी वहीत लिवलंय की. वही मंदिरात हाय."

"सरकार ती वही धरत नाही."

नियम साधा होता. मंडपातलं लग्न कायद्याला पुरेसं नव्हतं. नागरी नोंदणी कचेरीत जाऊन सही केली नाही तर जोडपं कागदावर अविवाहितच राही. आमच्या लोकांत ही चूक घरोघर झालेली होती. महाराजांनी, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्याने, वहीत नावं लिहिली की लग्न झालं. कचेरी लांब, तोडणीचा हंगाम जवळ, बाकीचं नंतर बघू. माझ्या जन्मदाखल्यावर 'वडिलांनी मान्य केलेलं अपत्य' असे शब्द होते. शाळेच्या परीक्षेचा अर्ज भरताना ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वडील म्हणाले होते, सरकारी भाषा तशीच असते. पुढे मी बातमीदार झाले, लोकांना प्रश्न विचारण्याचा पगार घेऊ लागले, पण हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आईने हाक मारली. "अवो, हिकडं या. ही म्हणते आपलं लगीन सरकारात नाय."

वडील दारात येऊन उभे राहिले. ते नाकारतील असं मला वाटलं होतं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"कवापास्नं?"

"ही जन्मली तवापास्नं. नोंद करायला गेलो तवा कारकुनाने सांगितलं."

"आणि मला?"

"तुला सांगून काय झालं असतं? तिथं नोटीस लागते, फळ्यावर. अमुक माणूस तमुक बाईशी लगीन करणार. येणारा-जाणारा वाचतो. पोर कडेवर आणि बापाचं लगीन फळ्यावर?"

आईने अर्ज आपल्याकडे ओढला.

"म्हणून तिकिटाची भाषणं होय," ती म्हणाली. "मला वाटलं, आज्यासाठी जीव तुटतोय."

मंदिरात लग्न लागलं की हेच वडील नव्या जोडप्याला बाजूला घेऊन सांगत, उद्याच्या उद्या सिविल करून या, पुढे त्रास होतो. लोक म्हणत, समितीत जाणता माणूस आहे. ते इतके जाणते कशाने झाले हे मला त्या रविवारी समजलं.

"माझ्या नावापुढं माझ्या बापाचंच नाव ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "चार लेकरांची आई, आणि कुमारी. येऊ दे तसं कार्त. तुमचा फळा तुम्हाला लखलाभ."

तिने अर्ज घडी करून कपाटात ठेवला. तीन दिवस ती वडिलांशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले तेव्हा वडील फाटकाशी आले. "ते सिविलचे कागद घेऊन ये," एवढंच म्हणाले.

नोटीस लागली. फळ्यावर विशीतल्या मुलामुलींची नावं होती, त्यांत ही दोन. बातमी दोन दिवसांत गावात पोचली. शेजारचा माणूस कुंपणावरून ओरडला, "काय नवरदेव, वरात कवा? आमाला पत्रिका नाय आली!" त्याच्या बायकोने आईला विचारलं, हळद लावायला येऊ का. आई हसली. वडील त्या पंधरवड्यात समितीच्या बैठकीला गेले नाहीत.

सिविल सें पिएरच्या नोंदणी कचेरीत झालं. चौघा भावंडांपैकी आम्ही दोघं साक्षीदार. वडिलांनी कोट घातला होता. अधिकारी तरुण होता, चेहऱ्यावर काही न दाखवता वाचत होता. त्याने वडिलांना क्रेओलमध्ये, बेटावरच्या रोजच्या बोलीत, विचारलं, या स्त्रीशी लग्न करायला तुमची संमती आहे का. ते लगेच "वी" म्हणाले. हो.

मग त्याने आईला विचारलं.

आई बोलली नाही. अधिकाऱ्याला वाटलं तिला ऐकू कमी येतं. त्याने प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला. वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांना तिच्याकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पयल्या खेपेला कुणी इचारलं नव्हतं," ती मराठीत म्हणाली. अधिकाऱ्याला ते कळलं नाही. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने तिने "वी" म्हटलं आणि अंगठा पुढे केला.

परतीच्या बसमध्ये जागा होत्या. वडील खिडकीशी बसले आणि त्यांनी शेजारची जागा मोकळी ठेवली. आई माझ्याजवळ येऊन बसली. "त्या रकान्यात आता काय लिवायचं ते लिव," ती म्हणाली, आणि गाव येईपर्यंत डोळे मिटून घेतले.