बोलणं तुटलं की चालायचं

"स्ट्रेस फ्रॅक्चर है," डॉक्टर एक्स-रेची फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले. "हड्डी टूटी नहीं, रोज की मार से चीर पड़ी है."

मी कटंगीचा मास्तर, वय सत्तेचाळीस. एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत पळायचं, येवढंच वेड. दोनदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या खेपेले नडगी ठणकत होती, तरी तेल चोळून पळत राह्यलो. मूर्खपणा, दुसरं काय! तुमचं हाड एकाच जागी बोट लावलं का दुखत असन, तर चोळू नका, दाखवा.

सहा आठवडे कुबड्या. बालाघाटच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून बसून जीव उबून गेलता. घरी बायको, सुनंदा, ताट आणून दे. मी गुमान जेवो. बावीस वर्षं मी पहाटेच घराबाहेर. तिच्याशी बोलायचं काय, तेच सुचत नव्हतं.

चीर भरली. डॉक्टर म्हणे, पळा. पण मलेच पळावंसं वाटेना. जोडे घालून ओसरीवर बसून राहो. खरं सांगतो, दुखण्यापेक्षा हे वाईट होतं. वाटलं, सुटलं आपलं पळणं.

पुढच्या तपासणीले हे डॉक्टरले सांगतलं. त्यायनं माह्यं घड्याळच काढाले लावलं. "टाइम भूल जाओ. बात करते हुए दौड़ो. बात टूटी, तो चलो." याले टॉक टेस्ट म्हणतात. बोलता येते तोवर वेग बरोबर, धापेनं बोलणं तुटलं का जास्त.

पण बोलू कोणाशी?

"मी येतो ना सायकलनं," सुनंदा म्हणाली.

पहिल्या दिवशी कालव्याच्या वाटेनं निघालो. "शाळेत काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही," म्हटलं. झालं! धाप नव्हती लागली, विषयच संपला होता. नियम तो नियम, चालू लागलो. लाज वाटली मले.

मग रोज एखादी गोष्ट घेऊन जाऊ लागलो. ती पण सांगे. लग्नाआधी शाळेत आठशे मीटरमध्ये ती पहिली येत होती, हे मले त्या कालव्यावर समजलं. बावीस वर्षांनी!

दोन तासांचं अजून जमलं नाही. आता आठवणही येत नाही.

परवा तिनं सायकल बाभळीले टेकवली, पदर खोचला अन् "चला" म्हणत माह्याबरोबर पळू लागली. पूल येईपर्यंत धापेनं माह्यं बोलणं तुटलं.

"काहून चुप झाले?"

मी चालू लागलो. ती मात्र थांबली नाही.