इंदूरला चेष्टा करायला

कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाचं काम मी बघायचे. प्रार्थनासभेला बाकं पुरत नसत, कारण नंतर बटाटेवडे असत. सुट्टीत सेवेला कोण येणार, असं विचारलं की प्रत्येकाचे आजोबा आजारी पडत. त्या उन्हाळ्यात मी ठिकाण इंदूर सांगितलं आणि सराफ्यातल्या खाण्याचा उल्लेख केला. पाच जण तयार झाले.

नगरहून बसने मनमाड, धुळे, सेंधवा. आता रस्ता चौपदरी आहे. तेव्हा एका ट्रकच्या मागे तासन्‌तास जायचो. खलघाटला नर्मदा दिसते. बसमधले सगळे उठून बघतात, तुम्हीही उठा. पुढे मानपूरचा घाट आहे. ज्यांना बस लागते त्यांनी पुढे बसावं.

इंदुरात सकाळी पोहे-जलेबी खावी. स्वस्त पडते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. सराफा दिवसा सोन्याचा, रात्री खाण्याचा. राजवाड्यापासून चालत जा. मुलांना मी पहिल्याच संध्याकाळी नेऊन आणलं, म्हणजे विषय संपला.

काम परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत होतं; दहावीत राहिलेल्या मुलांना शिकवायचं. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. नाक्यावरच्या दुकानात नवे रंगीत टीव्ही मांडले होते आणि ते बघायला माणसांकडे भरपूर वेळ होता. तात्या त्यांच्यातलेच, बंद गिरणीतले विणकर. घर मराठी, पण दोन पिढ्या इंदुरात गेलेल्या. मुलगी सुनंदा दहावीला गणितात नापास झाली होती. सप्लीमेंटरीतही राहिली, तर तिला शेव भरायच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं होतं.

"धरम-वरम तर नाही ना शिकवणार?" तात्यांच्या बायकोने, काकूंनी विचारलं.

"नाही. गणित."

आजूबाजूची दहा-बारा माणसं तात्यांच्या घरी सतरंजीवर जमली. तात्या युनियनमध्ये भाषणं करणारे. उभं राहून म्हणाले, "ही पोरं एवढ्या लांबून आली आहेत. ही पूर्ण चेष्टा करतील, असा मला भरोसा आहे."

आमचा प्रशांत, बी. एस्सी.चा, मानी मुलगा. तो ताडकन उठला. "आम्ही इथे चेष्टा करायला आलेलो नाही."

तात्या खाली बसले.

"सुन लिया?" काकू म्हणाल्या. "कोशिशपण नाही करणार. मग आलेत कशाला, पोहे खायला?" त्यांनी सतरंजी गुंडाळायला घेतली. सतरंजीवर माणसं बसलेली होती, ती उठली.

गल्लीच्या तोंडाशी सुनंदा मागून आली. "मॅडमजी, तुमच्यात चेष्टा म्हणजे कोशिश नाही होत का?"

"नाही. टिंगल."

"हे भगवान," ती म्हणाली. "म्हणजे बाबा सगळ्यांसमोर काय बोलले."

सकाळी मी प्रशांतला परत दारात उभं केलं. बाकीचे चौघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काकू," तो म्हणाला, "मी चेष्टा करायलाच आलोय."

"तो कल काय ज़बान फिसली होती?"

"हो."

"बस मग. चहा घे, भिया." इंदुरात भैयाचं भिया होतं.

वर्ग सुरू झाला. बाकीची मुलं बरीच पुढे गेली, सुनंदा मात्र बीजगणितात अडकून राहिली. आमची परतीची तिकिटं काढलेली होती. बस सुटायच्या आदल्या दिवशी प्रशांत म्हणाला, "ताई, तिला अजून समीकरणं येत नाहीत. आत्ता निघालो तर काकूंचंच खरं होईल." मी त्याचं तिकीट रद्द केलं. तो तात्यांच्या ओसरीवर झोपू लागला.

नगरला त्याच्या आई माझ्याकडे आल्या. "सगळे आले, माझा का नाही?"

"एका मुलीला समीकरणं येत नाहीत म्हणून."

त्या खुर्ची ओढून बसल्या. मग विचारलं, "त्याला तिथे भाकरी मिळते का?"

"पोळी मिळते."

कॉलेज सुरू झाल्यावर काही दिवसांनी तो आला, वाळलेला. पुढे सुनंदाचं कार्ड आलं. काठावर पास, अकरावीत प्रवेश. प्रशांत स्वतः त्या सहामाहीत रसायनशास्त्रात राहिला. त्याबद्दल त्याच्या आई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत आणि मी समजूत घालायला गेले नाही.

त्यानंतर सेवेला कोण येणार, असं मी सभेत विचारलं नाही. काम संपेपर्यंत कोण थांबणार, एवढंच विचारायचे. हात फार कमी वर व्हायचे.