टॉवेलची दांडी

आमच्या इमारतीत तिला सगळे कडकबाई म्हणतात. एकतीस वर्षं तिनं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना खळ घातली, जीभही त्याच खळीत बुडवून वाळवली असावी. मी तिला मावशी म्हणते. वय एक्क्याऐंशी, तिसरा मजला, एक खोली, लिफ्ट नाही. सरकारी योजनेतली मदतनीस रोज सकाळी दोन तास येते. अंघोळ, औषधं, स्वयंपाक, केर. ते दोन तास आहेत म्हणून मावशी स्वतःच्या घरात आहे. ते गेले तर तिला 'तिकडं' जावं लागेल.

तिकडं म्हणजे निराधार म्हाताऱ्यांचं वसतिगृह. तिची थोरली बहीण तिकडं गेली, परत आला तो फक्त तिचा चष्मा. मावशी मरणाला भीत नाही, तिकडं जायला भिते. पलंगाखाली पिशवी भरून तयार असते: दोन जोड कपडे, औषधं, बहिणीचा चष्मा.

"ऐन वेळी शोधाशोध नको," म्हणते.

मी सातवीत शाळा सोडली, पण कागद कसा वाचायचा ते मला भल्याभल्यांपेक्षा जास्त कळतं. एका संशोधन संस्थेसाठी मी घरोघरी पाहणी करत होते: कुणाला किती तास मदत मिळते? लिफ्टवाल्या इमारतींत चार तास, आमच्या जिन्यांवर दोन. का, हे शोधायचं होतं. मावशीचा कागद मीच भरला.

"उठता येतं?"

"येतं."

"अंघोळ एकटीला जमते?"

"मग काय, तू घालतेस?"

मी हसले आणि लिहिलं, जमते.

आठवड्यानं मदतनिसीनं मला दंडाला धरून न्हाणीत ओढलं. टॉवेलची दांडी एका बाजूनं भिंतीतून उखडून लोंबत होती, खाली गिलाव्याचा चुरा.

"मंगळवारी पडल्या," ती कुजबुजली. "कुणाला सांगितलंस तर दारात उभी करणार नाही म्हणाल्या."

येत्या गुरुवारी वर्षाची तपासणी होती. तपासनीस घरी येतो, म्हाताऱ्या माणसाला काय येतं, काय येत नाही ते बघतो आणि त्यावर तास ठरवतो.

"मावशी, सगळं येतं म्हणालीस तर तास कापतील गं."

"आणि येत नाही म्हणाले तर मलाच कापतील. हळू बोल! बहिणीच्या कागदावर लिहिलं, एकटी राहू शकत नाही. आठव्या दिवशी खाली गाडी उभी. झाकली मूठ राहू दे. तू गुरुवारी तोंड उघडायचं नाहीस. शपथ घे."

मी घेतली. चुकलंच.

गुरुवारी तिनं इस्त्रीचे कपडे घातले, केस चापून बसवले. पलंग ते दार चालायचा सराव चार दिवस चालला होता. तपासनीस जिने चढून धापा टाकत आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"आजी, अंथरूण घालता येतं का?"

"बघाच, साहेब."

तिनं चादर झटकली. एका झटक्यात ती गादीवर सपाट उतरली. कोपरा उचलला, दुमडला, खाली खोचला. परीटघडी! सुरकुती शोधून सापडली नसती.

"वा! माझ्या बायकोला नाही येत असं."

"तुम्हाला येतं का ते सांगा."

तो हसला आणि त्यानं कागदावर 'येतं'ची खूण केली. पान उलटलं. मावशी मात्र वाकलेलीच होती. गादीची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. मदतनीस पुढं झाली, तर मावशीनं डोळे वटारले. तपासनीस खाली बघून लिहीत होता.

मी साहेबलोकांच्या टेबलावर हात आपटून बोलणारी बाई. त्या दिवशी शपथ आडवी आली. बोलले आणि खरंच गाडी आली तर? गप्प बसले आणि ही पुन्हा न्हाणीत पडली तर?

"साहेब," मावशी गादीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "मला सरळ होता येत नाही."

मदतनिसीनं धावत जाऊन तिला बसवलं.

"न्हाणीत पडते मी. दोनदा पडले." दुसऱ्या वेळचं आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. "आता नेणार मला?"

"नेणं माझ्याकडे नाही, आजी. माझ्या कागदावर फक्त तासांचा रकाना आहे."

"बहिणीच्या वेळचा साहेबही हेच म्हणाला होता."

त्यानं खूण खोडली, न्हाणीत डोकावला आणि बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

मग पाच आठवडे पत्राची वाट. खाली कुठलीही गाडी थांबली की मावशी घास हातात तसाच धरून बसायची. मी माझे छत्तीस कागद पुन्हा काढले. आमच्या बाजूच्या सगळ्यांवर येतं, येतं, येतं. मी परत त्या दारांवर गेले आणि आधी न्हाणी बघितली. कुठं नळ वाकलेला, कुठं खिडकीच्या गजाला धरायला चिंधीची गाठ. लिफ्टवाल्या घरांत शिकलेला मुलगा शेजारी बसतो आणि बिनधास्त सांगतो, बाबांना काही येत नाही. त्याच्या बाबांना न्यायला गाडी येणार नसते. मी संस्थेला कळवलं, माझी पाहणी चुकली आहे, भीतीनं दिलेली उत्तरं मी खरी धरली. मला कबुली द्यायची सवय नाही, पण दिली.

पत्र आलं तेव्हा मावशीनं ते टोकाला धरून माझ्यापुढं केलं. मी मोठ्यानं वाचलं: रोज तीन तास, आणि न्हाणीत भिंतीला पक्का दांडा.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"खाली बारीक अक्षरांत काय आहे?"

"कचेरीचा पत्ता, मावशी."

"नीट बघ."

नीट बघितलं. पत्ताच होता. मी वाकून पलंगाखालची पिशवी ओढली. "उपसू का ही?"

तिनं पायानं पिशवी परत आत ढकलली.

"राहू दे. आधी दांडा बसू दे."