हिरेमठ सरांचा जंतू

आमच्या सोलापुरातल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात गोळ्यांचा स्टॉक कधीमधी संपतो, किस्स्यांचा नाही! लई वर्षं लॅबमध्ये काढली मी. चहाला बसलं की एकातून एक निघतंच, आणि निम्मे आमच्या हिरेमठ सरांचे.

सरांचं दैवत एकच, या रोगाचा जंतू शोधणारा दाढीवाला परदेशी डॉक्टर. त्याचा फोटो ओपीडीत लावलेला. येईल त्या पेशंटला सर सांगणार, हे पाप न्हाय, शाप न्हाय, जंतू हाय, ह्यांनी शोधलाय. थोड्याच दिवसांत फोटोला हार! एका मावशींनी मला हळूच विचारलं, हे महाराज नवसाला पावतात का? मी बोलायच्या आत सरच म्हणाले, "पावतात की. गोळ्या वेळेवर घेतल्या तर."

* * *

अक्कलकोटकडच्या एका आजोबांना सरांनी कन्नडात समजावलं, कातडीत 'हुळा' असतो. हुळा म्हणजे किडा. आजोबांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला आले ते कीटकनाशकाची बाटली घेऊन, पंपाला किती टाकायचं विचारायला! नशीब, आधी विचारलं. तेव्हापासून सर कन्नडातही जंतूच म्हणतात.

* * *

एका विणकर पेशंटला मी मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली. निळ्यावर तांबड्या काड्या, तेच जंतू. बराच वेळ बघून म्हणाला, "रंग पक्का हाय. पण ही चादर खपायची न्हाय."

* * *

आता होटगीच्या मल्लव्वाचं. गोळ्या चालू होत्या, तिच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती उरली नव्हती. तरी सुनेनं तिचं अंथरूण गोठ्यात टाकलेलं, ताट वेगळं केलेलं. म्हातारी ओपीडीत रडायची, मला हितंच ठेवून घ्या म्हणायची. ऐकून जीव तुटायचा. सरांनी मुलाला, सुनेला बोलावून जंतू समजावला. दोघांनी माना हलवल्या आणि म्हातारीला परत गोठ्यात नेलं.

मग सर मला घेऊन होटगीलाच गेले. मल्लव्वाचं घर लिंगायत, आणि सर जंगमांच्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंच्या घरातले. लिंगायतांच्या घरी जंगम आला की पाया पडतात, जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत, आणि त्याच्या ताटात उरलेलं प्रसाद म्हणून घेतात. दवाखान्यात सर हे कधी काढत नसत. त्या दिवशी मात्र कपाळभर विभूती!

सुनेनं पाट मांडला, चकचकीत ताट आणलं. सर म्हणाले, "मल्लव्वाच्या ताटात वाढा."

ती थबकली. पण जंगमाला नाही कोण म्हणणार? गोठ्यातलं ताट आलं. सरांनी भाकरी, शेंगाचटणी चवीनं खाल्ली, अर्धी भाकरी ठेवली आणि ताट सुनेपुढं धरलं. "प्रसाद."

सुनेनं नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. तिनं तुकडा मोडला, चटणीला लावला, चावला. मग गोठ्याकडं तोंड करून सासूला हाक मारली,

"अत्ती, चटणीला मीठ कमी पडलंय की. आत येऊन बघा जरा."