कुंडीत पुरलेलं कवच

दाताच्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडरी केली की माणूस थोडाफार दातांचा जाणकार होतो. फडकंमामा फक्त धुळीचे जाणकार झाले. खांद्यावरचं फडकं ते झोपतानाच काढतात, आणि तेही धुवायला, असं मामी सांगते. पेशंट उठला की खुर्ची पुसायची. चुळबुळ्या असेल तर उठायच्या आधीच. घरातली जुनी वस्तू नजरेला पडली की तिची घटका भरली. मामीच्या आईची मोडकी खुर्ची केवळ शेजारणीच्या कृपेने, तिच्या माळ्यावर, जीव मुठीत धरून होती. "मला अजून टाकलं नाही, हेच उपकार," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

आतल्या किंकाळ्यांवरून लक्ष उडावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीत काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात गोड्या पाण्यातला एक खेकडा. मामांचा त्याच्यावर जीव. तो चिखलाचे बूट घालून येत नसे.

एका सकाळी तो तळाशी निपचित दिसला. मामांनी त्याला कागदात गुंडाळून खिडकीतल्या कुंडीत पुरलं आणि चक्क अर्धा तास कुठेही फडकं मारलं नाही. दुपारी मयत इसम दगडाआडून बाहेर आला. पुरलं होतं ते त्याने टाकलेलं कवच.

"मामा, मयताला मला बोलावलं नाहीत ते!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शहाणा माणूस एकदाच फसतो. काही महिन्यांनी पुन्हा रिकामं कवच दिसताच मामांनी ते चिमट्याने उचलून थेट कचऱ्याच्या गाडीत पोचवलं. टाकीतलं पाणीही बदलून यंत्रातलं शुद्ध भरलं. टाकी लख्ख झाली. खेकडा मात्र दगडाआडून येईना. आठवडा उलटला तरी अंग ओल्या पुठ्ठ्यासारखं. उभा राहू गेला की पाय वाकायचे. मामांना जेवण जाईना. हा खरंच मेला तर पुन्हा कुंडीकडे कुठल्या तोंडाने जायचं?

शेवटी ते शोभेचे मासे विकणाऱ्या बाईकडे गेले.

"अहो, खेकडा वाढतो, कवच वाढत नाही," बाई म्हणाली. "म्हणून जुनं टाकायचं, पाणी ओढून फुगायचं आणि नवं मऊ आहे तोवर लपायचं. मग त्यात चुना भरत जातो तसं ते कडक होतं. थोडा चुना पाण्यातून मिळतो, बाकीचा जुनं कवच खाऊन. त्याचं काय केलंत?"

"टाकलं."

"आणि पाणी?"

"एकदम शुद्ध. त्यात काही म्हणजे काही नसतं," मामा अजूनही जरा ऐटीत म्हणाले.

"वा! ताटही उचललंत आणि तांब्याही रिकामा केलात."

ज्या दवाखान्याच्या भिंतींवर कॅल्शियमची महती सांगणारे पाच तक्ते टांगलेत, तिथे एक जीव त्यावाचून तडफडत होता. मामा धावत परतले. भर गर्दीत, पेशंटांच्या देखत, त्यांनी दोन्ही हातांनी कुंडी उकरली. माती लादीवर सांडली. तशीच राहिली. जुनं कवच धुतलं, नळाचं पाणी भरलं, त्यात ते सोडलं.

तळावर कवचाचे तुकडे दिसू लागले. "टाकी घाण झालीय," एक पेशंट म्हणाला. "त्याचं जेवण आहे ते," मामांनी त्याला झापलं.

पुढच्या आठवड्यात मामा अंगठ्याला पट्टी बांधून घरी आले.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"चावला," मामा म्हणाले. मुलगा पहिला आल्याचं सांगावं तसा चेहरा. "नांगी काय दणकट झालीय! रक्त काढलंन!"

मामीने अंगठ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि वेळ ओळखली. खेकडा कडक झाला होता. मामा अजून मऊ होते. चहा व्हायच्या आत शेजारणीच्या माळ्यावरून खुर्ची उतरली आणि खिडकीपाशी येऊन बसली.

मामांचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला.

"फडकं तरी मारू का?"

"मारा. पण उचलायची नाही."