लिफ्टमधला चीक

आमच्या नंदनवन भागातल्या बिल्डिंगमध्ये आपत्ती समिती आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सचिव; साधा सदस्य एकही नाही. तिघांच्या गळ्यात शिट्ट्या. फक्त आपत्ती तेवढी येत नव्हती, बिचारे वाटच पाहून राहिले होते.

मे महिन्यात ती आली. माझ्या सासूबाई कुरडयांचा गरम चीक पातेल्यात घेऊन लिफ्टनं गच्चीवर निघाल्या आणि लाइट गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. आत त्या, त्यांचं बीपी आणि नागपूरची गरमी.

उपाध्यक्ष आणि सचिव शिट्ट्या वाजवत धावले. पण लिफ्टचं दार उघडायची किल्ली अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष कुहीला लग्नात. किल्ली खिशात घालून गेले होते. काहून, तर हरवू नये म्हणून. धन्य! उपाध्यक्ष म्हणाले, त्यांना विचारल्याशिवाय दाराला हात लावता येणार नाही. सचिव म्हणाले, ते नसताना अध्यक्ष तुम्हीच. मग उपाध्यक्षांना एवढी जबाबदारी एकट्यानं घ्यायची नव्हती, ती सचिवांनी घ्यावी, म्हणाले. पंगतीत जिलबीचा आग्रह चालावा तसं दोघांचं चाललं होतं. माझं डोकंच सटकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"चीक गार होऊन राहिला गा. एकानं बाजूच्या बिल्डिंगमधून किल्ली आणा, त्यायची लिफ्ट अशीच हाय. दुसऱ्यानं फटीतून वारा घाला. आन् सूनबाई, तू माह्याशी बोलत राय वं."

उपाध्यक्ष किल्लीसाठी पळाले, सचिव पेपर हलवत फटीशी बसले. मी बोलत राहिले, बहुतेक भाज्यांच्या भावांबद्दल. त्या दर वाक्याला "हो वं" म्हणत होत्या.

दार उघडलं, स्टूल लावून त्यांना खाली उतरवलं. घामानं थबथबल्या होत्या, तरी आधी पातेलं पुढे केलं आणि दोघा पदाधिकाऱ्यांना सोऱ्या देऊन गच्चीवर पिटाळलं. चीक घट्ट झालेला. दोघांनी कण्हत कण्हत जे काही घातलं त्याला मी अजूनही कुरडई म्हणत नाही.

मी हसत होते. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"मले लय भेव वाटलं वं," त्या म्हणाल्या. "पण चिकाचं नाव घेतलं म्हणून हलले तरी. माहं घेतलं असतं तर सभा लावली असती."

संध्याकाळी अध्यक्ष परतले. मी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली आणि जिन्यापाशी, सगळ्यांचा हात पोचेल असा, खिळा ठोकून टांगली. ठराव केला नाही.